बोटीचं दार

चाचांच्या आधी कोणी दारातून आत गेलेलं चाचांना खपत नसे. ऑफिसची लिफ्ट असो, नवं हॉटेल असो, कुणाच्या घरची पूजा असो की कुणाचा इफ्तार, आपण उंबऱ्याशी पोचलो की मागून एक जाडजूड हात पुढे यायचा. "थांब बाय," असं म्हणून चाचा आपल्याला ओलांडून आत शिरायचे. भिंतीच्या कडेने सरळ जायचं, वळायचं, दोन पावलं आत सरकायचं आणि पुन्हा सरळ यायचं. नांगर धरल्यासारखी सगळी खोली पालथी घालून झाली की दारात ताटकळलेल्या आमच्याकडे बघून म्हणायचे, "साफ. या आता."

लिफ्टमध्ये फेरी मारायला जागा नसते. तिथे ते आत जाऊन एकदा पाय आपटायचे आणि मग बोलवायचे.

आमची कंपनी बहारीनच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना माल पुरवायची. तांदूळ, कांदे, दोरखंड, रंगाचे डबे, एखाद्या कॅप्टनला हवं असलेलं विशिष्ट लोणचं. मी हिशेब बघत असे आणि चाचा माल बघत. ते रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान. साठी ओलांडलेली, बुटके, रुंद, मेंदी लावलेली दाढी आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी लाल चिंधी. मी मिरजेची. समुद्र लग्नानंतर पाहिलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बाय म्हटलं, ते शेवटपर्यंत.

मला नोकरी लागली त्याच सुमारास आम्ही झिंजमध्ये फ्लॅट बदलला. सामान घेऊन पोचलो तर चाचा आधीच हजर. नळ सोडून बघितलेले, एसी लावून बघितलेला, गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून झालेला. आणि रस्त्यावर जागोजागी लाल चिंध्या. चांगली कोथिंबीर मिळते त्या कोल्ड स्टोअरच्या दाराला एक, इस्त्रीवाल्याच्या फाटकाला एक, आणि कंपनीची व्हॅन सकाळी जिथे थांबणार त्या दिव्याच्या खांबाला एक.

"चिंधी दिसंल तिथनं जायचं," चाचा म्हणाले. "मी जाऊन बघितलंय."

माझा नवरा इंजिनियर. त्याला असल्या गोष्टींची फार गंमत वाटे. रात्री म्हणाला, "विचार त्यांना, परत येण्यासाठी हिरव्या बांधतात का?" मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अनोळखी गल्लीत, सगळ्या पाट्या अरबीत आणि सगळ्या इमारती एकाच मातकट रंगाच्या असताना, मी त्या चिंधीवर नजर ठेवूनच चालत गेले, हेही खरं.

हॉटेलात मात्र त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. एकदा आमच्या मुदीरनी, म्हणजे मॅनेजरसाहेबांनी, सगळ्या स्टाफला उम्म अल हस्सममधल्या एका नव्या हॉटेलात जेवायला नेलं. भाजलेला हामूर मासा टेबलावर आला, वास असा की पोटात खड्डा पडावा. चाचांनी पहिला घास घेतला आणि हात वर केला.

"थांबा."

"किती वेळ, चाचा?"

"थोडा येळ. मना काय झालं नाय तर खावा."

सगळे ताटाकडे आणि चाचांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत बसले. वाढपी येऊन मासा आवडला नाही का विचारून गेला. मुदीर बहारीनी, मोठे दिलदार गृहस्थ. ते हसत हसत म्हणाले, "यल्ला चाचा, मेलास तर आम्ही सॅलड खाऊ." शेवटी चाचांनी "साफ" म्हटलं तेव्हा माशावरचं तूप थिजलं होतं.

गाडीत तर विचारूच नका. गाडी कुणाचीही असो, चाचा पुढच्या सीटवर. पाठ टेकायची नाही, डोळे वटारून रस्त्याकडे बघायचं. मी इथलं लायसन्स काढल्यावर अनेकदा त्यांना घरी सोडत असे. "डावीकडनं पिकअप आला! त्या सायकलवाल्याचं ध्यान नाय!" हे अखंड चालू. बाकी लोक आखाती उन्हात गाडीत बसले की मान टाकतात. चाचा सौदीच्या पुलावरून दम्मामला जाऊन आले तरी त्यांचा डोळा लागलेला नसे. मी एकदा म्हटलं, "चाचा, जरा डोळे मिटा. मी चालवतेय ना?" तर म्हणाले, "पुढं बसणाऱ्यानं झोपायचं नसतं."

हे सगळं कुठून आलं ते मला हळूहळू कळलं, कारण चाचा ते प्रत्येकाला सांगत. न विचारता सांगत. जहाजावर कांदे चढवताना फिलिपिनो कुकला सांगत, व्हिसाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला सांगत. ठरलेले शब्द, ठरलेली जागा जिथे श्वास घ्यायचा. आरतीसारखं पाठ.

"तिला नाव नव्हतं, नंबर व्हता. विलायतेत झाली, सपाट बुडाची. मोठ्या लढाईत रणगाडे नि माणसं पोटात घेऊन अराकानच्या किनाऱ्याला लागली. दार पडलं, माणसं उतरली. लढाई सरली तसं तिचं दार वेल्ड मारून बंद केलं, शेपटाला तार बांधली नि सुरुंग काढायच्या कामाला लावली. मग मुंबईला विकली. कुणी तिच्यातनं रेती वाहिली, कुणी दगड वाहिले. मग आखातात आणली. पुढचं मना माहीत नाय."

ही त्यांच्या वडलांची बोट. वडील तिच्यावर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धात माणसं थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बनवलेली, पुढून चौकोनी, आणि नाकाच्या जागी एक मोठं लोखंडी दार. किनारा आला की ते दार साखळ्यांवरून पुढे खाली पडायचं आणि त्याचाच उतार व्हायचा. युद्ध संपल्यावर समुद्रात पेरलेले सुरुंग काढायला बोटी कमी पडल्या, तेव्हा हिला त्या कामाला जुंपली. बूड सपाट, पाण्यात फार खोल न जाणारी, म्हणून सोयीची. मागे लांबलचक पोलादी तार सोडायची, तारेला कातरे. पाण्याखाली सुरुंगाला तळाशी बांधणारा दोर तारेत अडकला की तुटायचा, सुरुंग वर यायचा आणि मग त्याला बंदुकीने फोडायचं. चाचा म्हणत, रापण ओढतात तसंच, फक्त जाळ्यात मासा आला तर घर खातं आणि हा आला तर घर रडतं. समुद्राच्या एका पट्ट्यात सरळ जायचं, वळायचं, थोडं सरकून परत यायचं. झालेल्या पट्ट्याच्या कडेला झेंडे लावलेले तरंगते पिंप सोडायचे. मोठी जहाजं मागून त्या झेंड्यांच्या रांगेतून यायची.

"म्हणजे पयलं कोण जायचं? माजा बाप," चाचा म्हणत. "हजार माणसांचं जहाज मागं उभं आणि पुढं ही आमची पत्र्याची डबी."

आणि मग त्यांचा एक नियम यायचा, तोही ठरलेला: "पुढं जाणाऱ्यानं खोटं साफ सांगायचं नाय. मागचा तुज्या शब्दावर पाय टाकतो."

या नियमाचा अनुभव मी घेतला आहे. एका वर्षी माझ्या मानेत गाठ आली. सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. माझ्या आईपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी "काही नसतं गं, सगळं ठीक होईल" असं सांगून मला भंडावून सोडलं. चाचा आदल्या दिवशी एकटे जाऊन तो अवाढव्य दवाखाना पायाखाली घालून आले. कोणत्या गेटने शिरायचं, कोणत्या खिडकीवर कार्ड दाखवायचं, कुठल्या कॉरिडॉरमध्ये एसी फार लागतो म्हणून शाल घ्यायची. त्या दिवशी ते माझ्या आणि नवऱ्याच्या पुढे चालत होते आणि दर वळणावर थांबून मागे बघत होते. स्ट्रेचरवर आडवी झाल्यावर माझा धीर सुटला. मी त्यांनाच विचारलं, "चाचा, सगळं ठीक होईल ना?"

ते म्हणाले, "ते मना काय माहीत, बाय. हितपर्यंतचा रस्ता साफ हाय, तो मी बघितलाय. पुढचा डॉक्टर बघंल. इंशाल्ला."

माझा नवरा त्यांच्यावर उखडला. अशा वेळी माणूस धीर देतो की नाही? पण मला, सांगते, त्या सगळ्या आठवड्यात तेवढं एकच वाक्य टेकायला मिळालं. गाठ साधी निघाली. शुद्धीवर आले तेव्हा चाचा दारात उभे होते. डॉक्टर सांगून गेल्यावरच त्यांनी "साफ" म्हटलं. त्यानंतर नवऱ्याने त्यांच्या चिंध्यांवर विनोद करणं बंद केलं.

वडलांची दुसरी गोष्ट मात्र चाचा सगळ्यांना सांगत नसत. ती मला एका दुपारी कळली. बोटीच्या त्या इतिहासात "दार पडलं, माणसं उतरली" हे वाक्य आलं की ते नेहमी भरभर बोलून पुढे जात. मी सहज विचारलं, "दार कोण पाडायचं?"

"माजा बाप."

दाराच्या साखळ्या सोडायचा-ओढायचा विंच त्यांच्या हातात होता. हुकूम आला की सोडायचा. एकदा काळोखात बोट वाळूच्या आडव्या पट्टीवर टेकली. वरच्या साहेबाला वाटलं किनारा आला. हुकूम झाला, बापाने दार सोडलं. वाळूच्या पलीकडे पाणी खोल होतं. पाठीवर ओझी घेतलेली पोरं एकामागून एक उतारावरून गेली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते चालतच राहिले.

"हुकूम साहेबाचा व्हता," चाचा म्हणाले. "पण हात बापाचा."

गावी परतल्यावर वडलांनी घराचं दार कधी स्वतः उघडलं नाही. बाहेरून कोणी हाक मारली तर ते ओटीवरून आत ओरडत, दार उघडा कोणीतरी. चाचांच्या आईने लाडाने, रागाने, सगळं करून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. ते रात्री झोपतही नसत, ओटीवर बसून असत. पण हे सांगताना चाचा हटकून पुढचं जोडत: बोटीचं दार वेल्ड झालं त्या रात्री बाप पहिल्यांदा झोपला होता. तेवढी एक गोष्ट वडील आपल्या तोंडाने सांगत. म्हणत, "दार बंद केलं ते बरं केलं. मग तिच्यातनं कोण मरायला उतरलं नाय." सुरुंगाच्या तोंडावर बसून त्यांना झोप लागली, आणि घरच्या ओटीवर लागेना. असा तो माणूस.

आता काटा कुठे रुतला ते सांगते. एका मालवाहू जहाजावर एक म्हातारा चीफ इंजिनियर होता, जुन्या बोटींचा शौकीन. चाचांनी त्यालाही आरती ऐकवली. तो म्हणाला, छे, दार वेल्ड कशाला करतील? नुसतं साखळीने आवळून ठेवत असतील, उद्या पुन्हा लागलं तर? तो बोलून गेला आणि चहा पिऊ लागला. चाचांचा मात्र पुढचे कित्येक दिवस चेहरा उतरलेला. वडील खरं बोलले की मनाची समजूत घालत होते? विचारायला वडील राहिले नव्हते.

आणि सित्राच्या बाजूला, आमच्या कंपनीच्या जुन्या गोदामामागे, एक गंजलेलं धूड पडलेलं होतं. सपाट बुडाचं, मागून चौकोनी, पाठीवर विंचची मोकळी बैठक. कुणीतरी कधीतरी माल वाहायला बार्ज म्हणून वापरून टाकून दिलेलं. नंबर केव्हाच गंजून गेला होता. चाचांची खात्री होती की ही तीच. खात्री कशावरून, तर वडील विंचपासून दारापर्यंत किती ढांगा सांगत तेवढ्याच इथे भरतात म्हणून. आम्ही कोणी वाद घालत नसू. पण नक्की करायला दार बघायला हवं होतं, आणि ते नेमकं दिसत नव्हतं. समुद्रात भराव घालून जमीन वाढवताना त्या धुडाचं तोंड दगडमातीखाली गाडलं गेलं होतं. दर शनिवारी चाचा जेवणाचा डबा घेऊन तिथे जात, तिच्या सावलीत बसून भात-सुकट खात आणि जाताना पत्र्यावर एक थाप मारून येत, गोठ्यातून निघताना म्हशीला मारावी तशी.

मग सगळं एकदम आलं. कंपनीने चाचांचा व्हिसा रिन्यू केला नाही, वय झालं म्हणून. गोदामाची जागा विकली गेली, भराव उकरून ते धूड कापायचं ठरलं. आणि त्यातच चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याने त्यांना मुळातच कमी दिसे. डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी लावून ते माझ्या टेबलाशी आले.

"बाय, मशीननं तोंड उकरलंय म्हणतात. परवा कापणार. वेल्ड हाय का बघायचा. मना येकट्याला त्या दगडांतनं जमायचं नाय."

ऐन उन्हाळा होता. या दिवसांत दुपारी बाहेरची कामं कायद्याने बंद असतात, त्यामुळे साइटवर सामसूम होती. मजूर कंटेनरच्या सावलीत आडवे झाले होते. फोरमन केरळचा, चाचांच्या ओळखीचा. त्याने हेल्मेटं दिली आणि म्हणाला, "जल्दी देखो चाचा, इधर लोहा बहुत निकला है, पैर संभालो."

खरंच, पुढे दगड, फुटलेलं काँक्रीट आणि त्यातून वर आलेल्या गंजक्या सळया होत्या. चाचा थांबले. खिशातून लाल चिंध्यांचं पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू पुढं हो."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या पुढे कधी गेले नव्हते. मला ते अवघडच वाटलं, वडीलधाऱ्यांच्या आधी पानावर बसल्यासारखं. पाय टाकून बघायचा, दगड हलत नाही अशी खात्री करायची, जवळच्या सळईला चिंधी बांधायची आणि म्हणायचं, "या चाचा." मग ते त्या चिंधीपर्यंत यायचे, हाताने चाचपायचे आणि तिथेच थांबायचे. मी बोलावल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचे नाहीत. गाडीतून येताना त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, वेल्ड असला तर सांध्यावर शिवणीसारखा उंचवटा लागतो. नजरेवर जाऊ नको, बोट फिरव.

शेवटच्या वळणावर त्यांना थांबवून मी एकटी पुढे गेले, आणि ते तोंड दिसलं.

दार अर्धवट पुढे पडलेलं होतं. मशीनने माती ओढताना तेही ओढलं गेलं असावं. मी ओढणी हाताला गुंडाळून दोन्ही बाजूंच्या कडांवरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत. गंजाचे पापुद्रे हातात आले. शिवण नव्हती. खाली जाडजूड बिजागऱ्या होत्या आणि तुटक्या साखळ्या. हे दार कोणी कधी बंद करून टाकलेलं नव्हतं.

मी तिथे उभी राहिले. चाचा दगडांच्या आड, शेवटच्या चिंधीवर हात ठेवून. त्यांना धड दिसत नव्हतं. इथूनच "आहे, चाचा, वेल्ड आहे, उन्हात पुढे येऊ नका" म्हटलं असतं तर ते माझ्या शब्दावर परत फिरले असते, विमानात बसले असते, गावी ओटीवर सुखाने बसले असते. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. देवाशप्पथ सांगते, आलं होतं. मग स्ट्रेचरवरची ती दुपार आठवली.

"चाचा," मी म्हटलं, "वेल्ड नाही."

पलीकडून त्यांचा आवाज आला.

"बिजागऱ्या?"

"आहेत."

"दार?"

"उघडं आहे. अर्धं पडलंय."

"वाट साफ हाय?"

"वाट साफ आहे. या."

ते आले. त्यांनी स्वतः कडांवरून हात फिरवला, घाईने नाही, कापड बघावं तसा. मग त्या उघड्या दारासमोर उभे राहिले. मी घाईने म्हटलं, "म्हणजे ही तुमची बोट नव्हेच, चाचा. दुसरीच कुठली तरी आहे."

"आसंल," ते म्हणाले. "नायतर हीच ती, नि बाप मना खोटं बोलला. दोनातलं कायतरी येक." मग म्हणाले, "माणसाला झोपायला कायतरी लागतं, बाय."

आम्ही बोटीच्या सावलीत बसलो. पाण्याची एक बाटली दोघांत प्यायलो. चाचांनी त्या दिवशी बोटीची गोष्ट सांगितली नाही. चार वाजता कंटेनरकडे हालचाल सुरू झाली. एक वेल्डर माती उकरायच्या मशीनच्या बकेटचा तुटलेला दात जोडायला यंत्र ओढत आणत होता. चाचा एकटक त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले आणि फोरमनला हाक मारली.

"इसका दरवाजा बंद करो. वेल्डिंग मारो."

फोरमनला वाटलं उन्हाने डोकं फिरलं. "चाचा, ये तो परसों कटेगा! दरवाजा क्यूँ बंद करना?"

"परसों काटो. आज बंद करो. दोनों बाजू."

"सेठ पूछेगा तो?"

"बोलो, चाचा पागल है. चाचा तो जानेवाला है, मफी मुश्किल, कोई बात नहीं."

फोरमनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कर दो ना, भैया." का, ते मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. आखातात वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याचं वेड ओळखता येतं.

मशीनवाल्याने बकेट दाराखाली घातली आणि ते उचलायला सुरुवात केली. केवढा आवाज तो! चाचा पुढे झाले. एक हात वर करून, घोगऱ्या आवाजात ओरडू लागले, "आस्ते! आस्ते! थोडा और! बस!" तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो डेकवरचा आवाज होता. दार वर गेलं, कडेला टेकलं आणि बंद झालं.

वेल्डिंगचा प्रकाश ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चालला नसता, म्हणून मी चाचांना पाठमोरं उभं केलं. मीही पाठ केली. दोघं समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो आणि मागे ते चरचरणं ऐकत राहिलो. आधी एक बाजू, मग दुसरी. मग हातोडीने खपल्या झाडल्याचा आवाज. मग काही नाही.

"बघून ये," चाचा म्हणाले.

मी गेले. लोखंड अजून तापलेलं होतं, म्हणून उरलेल्या चिंध्यांची घडी बोटाखाली धरून ती सांध्यावरून फिरवली. दोन्ही कडांना जाड, ओबडधोबड शिवण लागली.

"शिवण आहे, चाचा. दोन्ही बाजूंना."

"साफ?"

"साफ."

त्यांनी मान हलवली. जाताना पत्र्यावर नेहमीची थाप मारली, आणि परतीच्या वाटेवर ते पुढे झाले. एकेक चिंधी सोडून मुठीत घेत.

गाडीत बसल्यावर त्यांनी सुरुवात केली. तिला नाव नव्हतं, नंबर व्हता. एरवी मी इथेच "चाचा, पुरे" म्हणत असे. त्या दिवशी ऐकत राहिले. विलायत झाली, अराकान झालं. दार पडलं, माणसं उतरली, हे वाक्य त्यांनी या वेळी सावकाश म्हटलं. लढाई सरली, वेल्ड झाला, सुरुंग झाले, मुंबई झाली, रेती झाली, दगड झाले.

"मग आखातात आणली," चाचा म्हणाले. पुढचं मना माहीत नाय, ही ओळ यायची होती. ती त्यांनी म्हटली नाही. "बहारीनला लागली. तिचं दार बंद केलं. खलास."

सित्राचा पूल संपला. उजवीकडून एक पिकअप मुसंडी मारून पुढे घुसला आणि मी कचकन ब्रेक दाबला. शेजारून ओरडा आला नाही. उम्म अल हस्समच्या सिग्नलला मी वळून बघितलं. चाचांचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, लाल चिंध्या दोन्ही मुठींत. झोपले होते.

मी एसीचा झोत त्यांच्या डोळ्यावरून बाजूला वळवला. त्यांच्या गल्लीचं वळण आलं, ते मी सोडून दिलं आणि लांबच्या रस्त्याने गाडी सावकाश चालवत राहिले.